शीलानं एडिट बंद केलं

"मी पुन्हा इचारून राह्यलो, कम्प्युटरले हात कोनं लावला?" अतुल ओसरीतून ओरडला. आवाज इतका चढला होता की अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबड्या कुंपणापर्यंत गेल्या.

"ओरडू नको बापा. झालं काय ते तर सांग," त्याचे वडील उकंडाबाबा साचा घासता घासता थांबले. प्लास्टरनं त्यांचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते.

"काय झालं? या न, पाहा! तोंड दिसते, पन वळत नाई. फोटो झाला त्याचा, फोटो! उद्या नागपूरले फाइल पाठवाची आहे, अन् इथं फोटो घेऊन बसलो मी!"

मोठा भाऊ संघदीप सिमेंटची पाटी खाली ठेवून ओसरीत गेला. पडद्याकडे पाहिलं, माउस इकडेतिकडे हलवला. बुद्धाचा चेहरा जिथल्या तिथं राहिला. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, ओठ शांत. संघदीपला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी त्यानं मान हलवली. "खरंच वळत नाई."

"दीपे, तू बसलीवती न काल?" अतुलनं विचारलं.

"मी कायले बसू? काल बजाराच्या दिवशी माहा पेपर होता," दारात उभी असलेली त्याची धाकटी बहीण दीपा म्हणाली. म्हणता म्हणता तिची नजर स्वयंपाकघराकडे गेली आणि तिनं ती घाईनं परत आणली. पण अतुलनं पाहायचं ते पाहिलं.

स्वयंपाकघरात शीला, संघदीपची बायको, ज्वारीची भाकर थापत होती. तिनं भाकर तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि तिथूनच म्हणाली, "मी लावला."



"चुकून लागला असन," संघदीप म्हणाला. त्याचा निम्मा संसार 'चुकून' या शब्दावर चालला होता. "चुकून न, शीला?"

"चुकून नाई."

*

शीला या घरात आली तेव्हा तिला मातीचं काही येत नव्हतं. माहेर झरी जामणीकडचं, जंगलाच्या कडेचं. सासर घाटंजीचं. सासऱ्यांनी तरुणपणी नागपूरला एका मूर्तिकाराकडे प्लास्टर कालवायचं काम केलं होतं. पाहून पाहून शिकले आणि गावी येऊन मूर्ती करू लागले. वस्तीवस्तीत विहार बांधले जात होते आणि प्रत्येक विहाराला मूर्ती हवी होती, त्यामुळे बाबांचा हात कधी रिकामा राहिला नाही.

नव्या सुनेला आधी माती मळायचं काम मिळालं. तळ्याची चिकण माती, तिच्यात पिंजलेला कापूस घालून कुटायची, म्हणजे वाळताना भेगा पडत नाहीत. मग मूर्तीची बोटं करायला मिळाली. मग कान. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला त्या साली एक चेहरा अर्धवट पडून होता. शीलानं तो दुपारच्या वेळात पुरा केला. बाबांनी हातानं चाचपून पाहिला. पुढचा गोळा त्यांनी सरळ तिच्यापुढे ठेवला. तेव्हापासून घरातले सगळे चेहरे तिचे. हे कोणी कधी जाहीर केलं नाही. रोज दुधाला विरजण कोण लावतं, हेही कुठे कोणी जाहीर करतं!

संध्याकाळी काम थांबलं की ती मातीच्या डोक्यावर ओलं पोतं टाकायची, वर जुन्या लुगड्याचा पिळलेला तुकडा गुंडाळायची. माती वाळू नये, कोंबडीनं टोच मारू नये, येणाऱ्याजाणाऱ्याचं बोट लागू नये. झाकल्याशिवाय ती कधी उठली नाही. तापानं फणफणली होती त्या दिवशीसुद्धा.

मग बोंडअळीचं साल आलं. हिरवंगार बोंड फोडावं तर आत किडकी सरकी आणि गुलाबी अळी. चार एकर वावर मक्त्यानं दिलं, बैलजोडी विकली आणि तिच्या जागी ओसरीत कम्प्युटर आला. नागपूरहून कोर्स करून आलेला अतुल म्हणाला, आता मातीत हात घालायची गरज नाही. मूर्ती पडद्यावर करायची, फाइल नागपूरला पाठवायची, तिथलं यंत्र फोममध्ये मूर्ती कापून देतं. साचा आणि फायबरचं काम तेवढं घरी. "वहिनी, तुमाले आता आराम," तो हसत म्हणाला. आराम म्हणजे काय ते शीलाला पुढच्याच आठवड्यात कळलं. दिवसभर चूल, आणि संध्याकाळी अतुलच्या दोस्तांसाठी चहा.

तिनं स्वतःहून म्हटलं, "मले शिकवा न, भाऊजी."

पहिल्या दिवशी त्यानं तिला खुर्चीवर बसवलं, पडद्यावर एक गोळा आणून दिला आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा आणायला निघून गेला. शीलानं गोळा दाबायला बोट लावलं, तर शेजारी दुसरा गोळा. तो पुसायला गेली, तर तिसरा. जिथं हात लावावा तिथं नवा गोळा उभा. अतुल परत आला तोपर्यंत पडदा भरून गेला होता. त्यानं दोस्तांना हाका मारून बोलावलं. "पाहा बे, वहिनीनं बुंदी पाडली!" पोरं हसली. शीलाही हसली, कारण ते होतंच हसण्यासारखं.

मग त्यानं सांगितलं, वर 'एडिट' लिहिलंय ते दाबल्याशिवाय गोळ्यावर काम होत नाही. नाहीतर प्रत्येक स्पर्श नवा गोळाच मांडतो. शीलाला ते लगेच पटलं. गोळा पाटावर नुसता ठेवणं वेगळं आणि त्याच्यापुढे मांडी घालून बसणं वेगळं. एडिट म्हणजे मांडी घालून बसणं. मग गोळा वळतो, दबतो, पाठ दाखवतो. एक गाल दाबला की दुसरा आपोआप दबायचा, कारण दोन्ही बाजू बांधलेल्या असायच्या. थोड्या दिवसांनी तिनं ती गाठही सोडवून घेतली. माणसाचे दोन गाल सारखे नसतात, हे तिला मातीनं शिकवलं होतं.

आणि एक दिवस बाबा ओसरीत आले, पडद्याकडे बघत उभे राहिले आणि दोन गिऱ्हाइकांसमोर म्हणून गेले, "तोंड म्हटलं की शीलाचंच." अतुल तिथंच खर्रा घोटत बसला होता. त्याचा हात थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

त्याच संध्याकाळी उठताना शीलानं त्याला विचारलं, "भाऊजी, उठताना हे झाकू कसं? कोनाचं बोट लागलं तं?"

दुसऱ्या कोणाला हा प्रश्न पडला नसता. मातीत वाढलेल्या हाताला तो पडला. अतुलनं खर्रा दाढेखाली सरकवला. मग तो म्हणाला, "एडिट बंद करत जा. मंग वरचं सेव्ह दाबाचं. कोनीच हात लावू शकनार नाई."

शीलानं तसंच केलं. झाकून ठेवल्याच्या समाधानानं ती उठली.

तो चेहरा तिच्या माहेरच्या विहारासाठी होता. घाटंजीच्या घरात तो कोणी तिला करायला सांगितला नव्हता. आईनं फोनवर सांगितलं, विहार बांधायला घेतला, बाया डोक्यावरून पाणी वाहून राह्यल्या, मूर्ती तुमच्याकडूनच घेऊ. तेव्हापासून शीलाच्या डोक्यात तो होता. त्याच्या पापण्या आईच्या होत्या. दुपारी वावराच्या धुऱ्यावर, बांधाला टेकलेली आई झोपत नसे आणि जागीही नसे. डोळे तेवढे निम्मे खाली यायचे. शीलानं ते डोळे मातीत कितीदा तरी करून पाहिले होते, जमले नव्हते. पडद्यावर जमले.

सकाळी कम्प्युटर सुरू केला तर चेहरा होता, पण वळेना. एडिट दाबलं, काही नाही. बोट लावलं तर कपाळावर नवा गोळा आला. वस्तू गेली होती, तिचं चित्र उरलं होतं.

"होते असं, वहिनी," अतुल मऊ आवाजात म्हणाला. "नवीन मानसाचं होतेच."

शीला परसात जाऊन रडली, तोंड धुतलं आणि दाळ चुलीवर चढवली.

*

ती मुळात चिवट. अतुलनं तिला पुन्हा बसू दिलं नाही, ऑर्डरचं काम आहे म्हणाला. मग तिनं फोन धरला. दुपारी हिंदीतले व्हिडिओ लावायचे, इंग्रजी शब्द दीपाकडून वाचून घ्यायचे. अतुल बाहेर असला की ओसरीत बसून ते हातानं करून पाहायचं. हळूहळू तिला त्या जगाची रीत कळली. मांडणं वेगळं, घडवणं वेगळं, सरकवणं वेगळं, आणि प्रत्येकाचं बटण वेगळं. कोणत्या बटणात आपण बसलो आहोत ते आधी बघायचं, मग हात लावायचा. सेव्हही दोन होते. एक वस्तूचं, एक नुसत्या चित्राचं.

हे दुसरं ज्या व्हिडिओत होतं, त्यातला माणूस सुरुवातीलाच म्हणाला, नए लोग ये गलती कभी न करें. एडिट बंद करून चित्र सेव्ह केलं आणि कम्प्युटर बंद केला की वस्तू संपली. शीलानं फोन पालथा ठेवला. कोर्समध्ये पहिल्या दिवशी शिकवत असतील हे. तरी तिनं अतुलला एक संधी मनातल्या मनात दिली. नसेल सांगितलं त्याला कोणी.

ती संधी विहाराची कमिटी आली त्या दिवशी संपली.

माहेरची माणसं जीप करून आली होती. दोन म्हातारे, सरपंचाचा पुतण्या आणि बायांच्या वतीनं शीलाची आई. अतुलनं कम्प्युटर सुरू केला आणि चेहरा पडद्यावर आणला. तोच. तिनं ज्या दुपारी उजवा गाल जरा भरला होता, त्या दुपारचा तोच. अतुलनं माउस फिरवला आणि चेहरा सावकाश वळला. कान दिसला, मान दिसली, खाली अतुलनं केलेल्या अंगावरच्या चिवराच्या चुण्या दिसल्या. तिच्या हातून चेहरा मोडायच्या आधीच त्यानं आपल्यासाठी त्याची एक प्रत ठेवून घेतली होती.

शीला चहाचं ताट घेऊन दारात उभी होती.

आई पडद्याजवळ गेली. बोट लावू की नको अशा बेतानं तिनं हात पुढे केला आणि मागे घेतला. "बाई बाई! कोनं केलं हो हे?"

"मीच," अतुल म्हणाला.

"पोराच्या हातात गुन आहे," आई म्हणाली आणि शीलाकडे वळून हसली. "नशीबवान आहेस, असं घर भेटलं."

शीलानं बाबांकडे पाहिलं. मोतीबिंदू काढून झालेला होता. त्यांना आता सगळं स्वच्छ दिसत होतं. त्यांनी कप उचलला आणि त्यात पाहत राहिले. मूर्तीखाली लावायच्या पाटीवर 'शिल्पकार अतुल उकंडा मुनेश्वर' असं लिहायचं ठरलं. शीलानं सगळ्यांना चहा दिला. आईला साखर जास्त लागते म्हणून तिचा कप वेगळा केला होता, तोही दिला.

जीप गेल्यावर ती बाबांना म्हणाली, "मामाजी, तुमी पाह्यलं न?"

"घरचंच काम आहे शीला. नाव कोनाचंही असो."

"मंग माहं असू द्या."

"आता सांगून बसले न ते. चार लोकांत हसं करतेस काय घराचं?"

संघदीपनं तर जेवताना विषयच काढू दिला नाही. "नावानं काय होते?" एवढंच म्हणाला आणि लोणचं मागितलं. शीलानं वाढलं.

त्यानंतर तिनं कुरकुर केली नाही. घराला वाटलं, निवळली. ती तर अतुलला मदतही करू लागली. "वहिनी, हाताची बोटं जमून नाई राह्यली," असं तो ओशाळून म्हणायचा, आणि ती बसून बोटं करून द्यायची. कमळाच्या पाकळ्या सारख्या करून द्यायची. अतुल मन लावून काम करत होता, हेही तिला दिसत होतं. चिवराच्या चुण्या त्यानं खरोखर चांगल्या केल्या होत्या, मान मोडेपर्यंत बसून. जितक्या चांगल्या होत होत्या तितकं तिला बरं वाटत होतं. त्याचाही जीव त्यात पुरता गुंतू दे. मला जेवढं दुखलं तेवढं दुखायला आधी तेवढं जमायला हवं.

सगळं पुरं झालं. बाजाराच्या दिवशी अतुल मोटारसायकल घेऊन बाहेर पडला, दीपा पेपरला गेली, बाप-लेक साच्यासाठी काथ्या आणायला गेले. शीलानं हात धुतले, पुसले आणि खुर्चीवर बसली.

मूर्ती तिनं एकदा पूर्ण फिरवून पाहिली. पापण्यांपाशी आली तेव्हा हात थांबला. फोनमधलं छोटं मेमरी कार्ड काढून तिनं तळहातावर घेतलंही होतं. एक प्रत ठेवावी, कोणाला काय कळणार! पण मग ती धमकी झाली असती. या घरात धमकीचं पुढे काय होतं ते तिला ठाऊक होतं. चार जण जेवायला बसतात, समजूत घालतात आणि बाई चेहरा देऊन टाकते. तिनं कार्ड फोनमध्ये परत घातलं.

एडिट बंद केलं. चेहऱ्याच्या बाजूला दुसरा एक बारका गोळा मांडला, म्हणजे पुन्हा एडिट दाबून चेहरा परत मिळू नये. चित्राचं सेव्ह दाबलं. वस्तूची फाइल पुसली, तिच्या जुन्या प्रती पुसल्या, टेबलाच्या खणातल्या पेनड्राइव्हमधली पुसली. कम्प्युटरातली केराची टोपली राहिली होती. तीही रिकामी केली. घरातली रोज तीच करायची.

पडद्यावर चेहरा तसाच होता. दिसत होता आणि वळत नव्हता. नुसती फाइल पुसून भागलं असतं. पण अतुलला तो दिसायला हवा होता.

*

"चुकून नाई म्हनजे?" अतुल आता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आला. त्याच्या चेहऱ्यावर रागापेक्षा भीती जास्त होती. "पेनड्राइव्ह?"

"तेही."

"माही मेहनत होती ती, वहिनी! डोये फुटेवरी बसलो मी!"

"चिवराची होती. चिवर चांगलं झालंतं," शीलानं भाकर उलटली. "त्याचं मले वाईट वाटते."

"तुमाले कम्प्युटर शिकवला कोनं? मीच न?"

"तुमीच. उठताना एडिट बंद करत जा, हेही तुमीच शिकवलं. तसंच केलं मी."

संघदीप अतुलकडे पाहू लागला, मग बायकोकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. "म्हनजे? अतुल, काय म्हनून राह्यली हे?"

"होते असं, नवीन मानसाचं होतेच," शीला त्याच्याच मऊ आवाजात म्हणाली. दारात दीपा एकदम हसली आणि तिनं तोंडावर हात घेतला.

बाबा हात न धुताच आत आले होते. त्यांच्या पांढऱ्या बोटांचे ठसे दाराच्या चौकटीवर उमटले. "शीला, बुद्धाचं तोंड पुसलं तू."

"बुद्धाचं नाई पुसलं. माहं पुसलं."

"मनात वैर धरू नये. दर पौर्णिमेले विहारात ऐकतेस न?"

"ऐकतो न मामाजी. तुमीही माह्या पुढंच बसलेले राहता."

बाबांनी नजर खाली घातली. मग ते हळू आवाजात म्हणाले, "तुह्या मायच्या गावची मूर्ती आहे बाई. त्या बाया उन्हातानात पानी वाहून राह्यल्या."

हे लागलं. शीलाला तव्याचा चटका बसला आणि तिनं बोट तोंडात धरलं. आई दर फोनवर सांगत होती, भिंती कुठवर आल्या, पाय कसे भरून येतात, आणि मूर्तीची जागा आधीच झाडून ठेवली आहे.

"मालूम आहे मले," ती म्हणाली.

"मंग पुन्हा कर. तुले येते."

"येते."

"पाटीवर तुमचं नाव टाकतो, वहिनी," अतुल घाईघाईनं म्हणाला. "दोघाइचं टाकू. तुमचं आधी टाकू. मी सोता तुमच्या मायले फोन करतो, सांगतो. आताच करतो." त्यानं खिशातून फोन काढलाही.

चहाच्या ताटापाशी उभी असताना तिला हे हवं होतं. तेव्हा दिलं असतं तर तिनं पुढचे दहा चेहरे बिननावाचे करून दिले असते. आता अतुलच्या हातात तो फोन पाहून तिला आतून गार वाटलं, उन्हातून आल्यावर माठाला हात लावावा तसं. याची तिला लाज वाटायला हवी होती. तिनं वाट पाहिली, लाज काही आली नाही.

"ठेवा तो फोन," ती म्हणाली.

"वहिनी, कर न वं," दीपा रडवेली झाली. "मावशीले काय सांगशीन तू?"

"जे झालं ते सांगीन."

"अन् घर कशावर चालन?" संघदीपचा आवाज पहिल्यांदा चढला. "वावर मक्त्यानं, बैल विकले. तोंडावरच चालून राह्यलं न हे सगळं!"

"हे बरं आठवलं तुमाले."

शीलानं शेवटची भाकर टोपलीत टाकली, टोपलीवर फडकं घातलं आणि चुलीतलं लाकूड ओढून विझवलं. मग ती उभी राहिली, पदर खोचला आणि एकेकाकडे न बघता सगळ्यांना मिळून सांगितलं.

"उद्यापासून मी पारव्याच्या रस्त्यावरच्या वावरात कापूस वेचाले चालली, रोजानं. मुकादमिनीशी बोलनं झालं आहे. सकाळच्या भाकरी दीपा टाकीन. हे तोंड अन् याच्यापुढची सगळी तोंडं अतुलभाऊ करतीन. मी एकही करनार नाई."